उघड्या काँक्रीटची इमारत: गिलावा नको, पाडापाडीची घाई नको, आधी कव्हर मोजा

विचारलेला प्रश्न असा: कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाची दुमजली इमारत आहे, १९७६मध्ये बांधलेली. बाहेरून गिलावा नाही, शटरिंगच्या फळ्यांचे ठसे उमटलेलं उघडं काँक्रीट आहे. आराखडा करणारे वास्तुविशारद आता हयात नाहीत. गेल्या काही पावसाळ्यांत छज्ज्यांच्या खालून पोपडे पडू लागलेत, काही ठिकाणी सळया दिसतात, वाचनकक्षात गळती आहे. एक ठेकेदार म्हणतो, सगळीकडे गिलावा मारून रंग देऊ. एक सल्लागार म्हणतात, काँक्रीटचं आयुष्य पन्नास वर्षं, ते संपलं, पाडा. विश्वस्तांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: काय करावं, आणि अशी इमारत मुळात वाचवण्यासारखी असते का.

थोडक्यात उत्तर आधी देतो. गिलावा अजिबात करू नका. चाचण्यांचा अहवाल हातात येईपर्यंत पाडण्याचा ठराव करू नका. पावसाळ्याआधी गच्चीवर साचणारं पाणी थांबवा, सुटलेले पोपडे ठोकून उतरवून घ्या आणि त्या छज्ज्यांखालून येणंजाणं बंद करा. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, माझं बहुतेक आयुष्य अशाच इमारतींच्या दुरुस्तीत गेलंय, आणि यातली बरीचशी नासाडी वयाने होत नाही, घाईच्या निर्णयाने होते हे मी पाहत आलोय.

'पन्नास वर्षं झाली, संपलं' हे विधान आधी बाजूला ठेवू. आराखडा करताना हिशेबासाठी धरलेलं आयुष्य आणि इमारत निकामी होण्याची वेळ यांचा थेट संबंध नसतो. चंडीगढचे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांचं फ्रान्समधल्या मार्सेयचं निवासी संकुल १९५२चं आहे, चंडीगढचं उच्च न्यायालय १९५५चं. दोन्ही आज वापरात आहेत. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती तीस-चाळीसच्या दशकातल्या, आरसीसीच्या, तोंडावर खारा वारा घेत उभ्या आहेत. ज्यांची देखभाल झाली त्या ठणठणीत आहेत, ज्यांची झाली नाही त्या खिळखिळ्या आहेत. तुमच्या इमारतीत नेमकं काय बिघडलंय, किती खोलवर आणि किती जागी, हे कळल्याशिवाय वयावरून काहीही ठरवता येत नाही.

आता आजार समजून घेऊ, कारण तो समजला की कोण तुम्हाला काय विकतंय हेही समजतं.

चांगलं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. अशा वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर तयार होतो आणि तो तिला गंजू देत नाही. हे संरक्षण दोन वाटांनी जातं. पहिली वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावत हळूहळू आत सरकतो आणि तिथला पीएच नऊच्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरी वाट मिठाची. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की भोवतीचं काँक्रीट अल्कधर्मी असूनही तो थर फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगतं, चिरतं, पोपडा सुटतो. पोपडा पडताना दिसतो तेव्हा आतलं काम बऱ्याच आधी सुरू झालेलं असतं.

सळई आणि हवा यांच्या मध्ये काय असतं? कव्हर. सळईवरचा काँक्रीटचा थर. तुमच्या इमारतीच्या काळी स्लॅबला जेमतेम अर्धा इंच कव्हर चालायचं, आणि प्रत्यक्ष जागेवर तेवढंही मिळायचं नाही. सळई उचलून धरणाऱ्या ठरावीक जाडीच्या ठोकळ्यांऐवजी (कव्हर ब्लॉक) खडीचे तुकडे सळईखाली सरकवायचे, ओतकाम करताना माणसं सळयांवरून चालायची, सगळं खाली बसायचं. आजची आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटची भारतीय मानक संहिता, किनाऱ्यालगतच्या तीव्र परिस्थितीसाठी ४५ मिलिमीटर मागते आणि काँक्रीट एम-३० (हा ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितकी ताकद जास्त). तेव्हा एम-१५ सर्रास वापरलं जाई. त्यात सत्तरच्या दशकात सिमेंट परवान्यावर मिळायचं (अंशतः नियंत्रणमुक्ती १९८२ची), त्यामुळे जपून वापरण्याकडे कल असे. आणि सळया बहुधा टॉर स्टीलच्या, म्हणजे थंड अवस्थेत पिळलेल्या. पिळण्याने ताकद वाढते, पण पृष्ठभागावर ताण राहून जातो आणि अशी सळई साध्या गोल सळईपेक्षा लवकर गंजते. गिलाव्याच्या इमारतीत हे सगळे दोष गिलाव्याच्या थराआड काही वर्षं निभावून जातात. उघड्या काँक्रीटमध्ये तो जादा थर नसतो. मोजून अर्धा इंच, मग लोखंड.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. पावसाने सतत धुतली जाणारी भिंत कार्बोनेशनच्या दृष्टीने सुरक्षित असते, कारण भिजलेल्या छिद्रांतून वायू आत जात नाही. छज्ज्याची खालची बाजू, व्हरांड्याचं छत, आडोशाच्या जागा इथे तो सगळ्यात खोल जातो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठही आडोशालाच साठतं, कारण तिथून ते धुऊन काढायला पाऊस पोचत नाही. मग अशा जागी वरच्या स्लॅबमधून ओल झिरपली की गंजाला हवं ते सगळं मिळालं. म्हणून तुमचे पोपडे छज्ज्यांखालूनच पडताहेत. भिंतींवर शेवाळ चढून त्या काळ्या पडल्या आहेत, बघवत नाहीत, पण आजारी बहुधा छज्जे आहेत. काळेपणा पाहून घाबरू नका.

चाचण्यांकडे वळू. स्ट्रक्चरल ऑडिट म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा चार फोटो, हातोड्याचं रीडिंग आणि शेवटी 'इमारत धोकादायक' असा शेरा असतो. त्यावर समाधान मानू नका. हा हातोडा, म्हणजे उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारा रिबाउंड हॅमर, जुन्या काँक्रीटवर हमखास फसवतो. कार्बोनेशनने पृष्ठभाग कडक होतो, हातोडा जास्त उसळी घेतो आणि आकडा खऱ्या ताकदीपेक्षा मोठा येतो. ताकद हवी असेल तर निवडक खांबांतून आणि बीममधून काँक्रीटचे दंडगोल तुकडे (कोर) काढून दाबून पाहणं हाच मार्ग. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडणारी अल्ट्रासॉनिक चाचणी आतली पोकळी, हनीकोंब (खडीमध्ये सिमेंट न भरल्याने राहिलेली छिद्रं) शोधायला उपयोगी. लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली गेला तर शंका घ्यावी.

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती सगळ्यात स्वस्त चाचणी देते. कव्हर मीटर फिरवून सळया कुठे आणि किती खोल आहेत त्याचा नकाशा करून घ्या. मग काही ठिकाणी काँक्रीटचा कोपरा ताजा फोडा, धूळ फुंकून टाका आणि त्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारा. निरोगी काँक्रीट काही सेकंदांत गडद गुलाबी होतं. कार्बोनेशन झालेला बाहेरचा भाग राखाडीच राहतो. दोन्हींच्या मधली रेघ स्पष्ट दिसते, पट्टी लावून मोजता येते. सळई गुलाबी भागात असेल तर निश्चिंत राहा. रेघ सळईच्या पलीकडे गेली असेल तर तिथली सळई उघड्यावर आहे असं समजा. विश्वस्तांनी ही चाचणी होताना स्वतः हजर राहावं असा माझा आग्रह असतो. ती गुलाबी कड एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढच्या बैठकीत कोणी मोघम बोलत नाही.

ही रेघ दरवर्षी सारख्या वेगाने पुढे सरकत नाही, काळाच्या वर्गमुळाप्रमाणे सरकते. म्हणजे पन्नास वर्षांत २० मिलिमीटर गेली असेल, तर पुढच्या पन्नास वर्षांत साधारण आठच मिलिमीटर आणखी जाईल. याचा अर्थ असा की ज्या भागात कव्हर ३० मिलिमीटर आहे तिथे आज काहीच करायची गरज नाही. 'सरसकट सगळं ट्रीटमेंट करून टाकू' म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

तुम्ही खाडीकाठी आहात, म्हणून क्लोराइडची तपासणी टाळू नका, आणि तीही खोलीनुसार करून घ्या. ड्रिलने पहिल्या दहा मिलिमीटरची भुकटी वेगळी, पुढच्या दहाची वेगळी, असं चाळीस मिलिमीटरपर्यंत. आकडा बाहेर जास्त आणि आत कमी होत गेला तर मीठ वाऱ्याने आलंय. ते रोखता येतं. पण बाहेरपासून आतपर्यंत आकडा सारखाच मोठा आला तर मीठ मुळातच मिश्रणात होतं, म्हणजे खाडीची रेती न धुता वापरली किंवा मचूळ पाणी वापरलं. आयएस ४५६ची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. मिश्रणातच मीठ असेल तर दुरुस्तीचं सगळं गणित बदलतं, आणि इमारत ठेवायची की नाही हा प्रश्न तिथे खराखुरा उभा राहतो. सोबत हाफ-सेल चाचणी करा, ती सळईचा विद्युत दाब मोजते. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली गेलेली जागा म्हणजे आत गंज चालू असण्याची शक्यता फार मोठी, पोपडा अजून सुटला नसला तरी.

हा सगळा तपशील एका नकाशावर, प्रत्येक दर्शनी बाजूच्या रेखाचित्रावर मांडून मागा. मुंबईत महापालिकेच्या पद्धतीनुसार इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी होते, आणि सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. दोन सल्लागारांचे अहवाल परस्परविरोधी आले तर तिथे तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं. तुमच्या नगरपरिषदेत अशी सोय नसली तरी तत्त्व तेच ठेवा. पाडा म्हणणाऱ्या सल्लागाराला नकाशा मागा. तो नसेल तर दुसऱ्या, ज्याला पुनर्बांधणीचं काम मिळणार नाही अशा इंजिनीअरकडून तपासून घ्या.

आता गिलाव्याचा प्रस्ताव. गंजणाऱ्या सळईवर गिलावा मारला तर गंज थांबत नाही, दिसेनासा होतो एवढंच. पुढच्या वेळी पडेल तो पोपडा गिलाव्यासकट, जास्त जाड आणि जास्त वजनाचा. गुळगुळीत किंवा जुन्या शेवाळलेल्या काँक्रीटवर गिलावा धरावा म्हणून ठेकेदार टाचे मारतो, म्हणजे ठोकून खाचा पाडतो, आणि ते टाचे आधीच अर्धा इंच असलेल्या कव्हरमधून आणखी खातात. शिवाय फळ्यांचे ठसे, ओतकामाच्या आडव्या रेघा, कडांची धार हे सगळं कायमचं जातं. एकदा केलेला गिलावा काढून मूळ पृष्ठभाग परत मिळत नाही. रंगाबद्दल मी इतका कडक नाही. ज्या भागात कार्बोनेशन सळईच्या पलीकडे सर्वत्र गेलंय, तिथे काँक्रीटच्याच छटेचा अँटी-कार्बोनेशन लेप कधीकधी कमी वाईट पर्याय ठरतो. पण तो दुरुस्तीनंतर द्यायचा, तिच्याऐवजी नव्हे. बाकी भिंतींना सिलेन-सिलॉक्सेन वर्गातलं, आत मुरणारं आणि वर थर न धरणारं जलरोधक पुरतं. काँक्रीट कोरडं असताना लावायचं, म्हणजे जानेवारी ते एप्रिल.

शेवाळ काढताना दाबाचं पाणी जपून वापरा. जोरदार जेट किंवा सँडब्लास्टिंग सिमेंटची वरची साय उडवतं, वाळू उघडी पडते आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट जोमाने चढतं. ॲसिडला तर जवळही येऊ देऊ नका. शेवाळनाशक फवारा, थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा, हलक्या पाण्याने धुवा.

दुरुस्तीत माझा जीव खरा गुंततो तो पॅचमध्ये, म्हणजे खराब तुकडा काढून भरलेल्या नव्या काँक्रीटमध्ये. साधारण पद्धत अशी: पोपडा सुटला तिथे ब्रेकरने वेडावाकडा खड्डा करायचा, सळईवर लाल रंग मारायचा, तयार पिशवीतलं पॉलिमर मॉर्टर थापायचं. वर्षभरात भिंतीवर काळपट ठिगळं दिसू लागतात आणि मग सगळे म्हणतात, बघा, उघडं काँक्रीट दुरुस्त होत नाही, रंगच द्यायला हवा होता. होतं. फक्त पद्धत वेगळी.

खड्ड्याची कड कुठे येणार हे पोपडा ठरवत नाही, आपण ठरवायचं. मूळ फळ्यांच्या सांध्यांच्या रेघा भिंतीवर दिसतात. कटरने काप त्या रेघेवरच घ्यायचा, पूर्ण फळीची रुंदी काढायची, म्हणजे नव्या-जुन्याची हद्द आधीपासून असलेल्या रेघेत लपते. काप काटकोनात, किमान दहा मिलिमीटर खोल. कड निमुळती सोडली की तिथून सुटणारच. सळईच्या मागे बोटं जातील इतकं काँक्रीट काढायचं, कारण गंज मागच्या बाजूलाही असतो. सळई लखलखीत होईपर्यंत साफ करायची. बारीक झाली असेल तर जोड-सळई टाकायची. मीठ असलेल्या भागात पॅचच्या कडेला जस्ताचे छोटे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) सळईला बांधायचे, नाहीतर दुरुस्त केलेली जागा सुरक्षित होते आणि तिच्या शेजारची सळई जास्त वेगाने गंजू लागते. हा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं ठेकेदाराने फसवलं. पुष्कळदा ते रसायनशास्त्र असतं.

मग ओतकाम. तयार पिशवीचा माल सोयीचा, पण रंगाने जुळत नाही. जुन्या इमारतीतलं सिमेंट जाडसर दळलेलं, साधं पोर्टलँड. आज बाजारात बहुतेक फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं. तेव्हा नदी-खाडीची रेती, आज क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. म्हणून मिश्रण इमारतीसाठीच तयार करावं लागतं: दोन-तीन सिमेंटं, गरजेप्रमाणे थोडं पांढरं सिमेंट, स्थानिक काळ्या दगडाची बारीक खडी, वाळूची छटा जुळवून. प्रयोगशाळेत त्याचं आकुंचन आणि ताकद तपासून घ्यावी. ओतकामाच्या साच्यासाठी आंब्याच्या फळ्या चालतात, मूळ कामही तुमच्या भागात बहुधा त्याच लाकडात झालेलं असणार. फळी तारेच्या ब्रशने घासली की मऊ लाकूड निघतं, रेषा वर येतात आणि ठसा खोल उमटतो. नवी फळी तशीच वापरायची नाही. कोऱ्या लाकडातली साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते आणि पृष्ठभागाची पावडर निघते. आधी सिमेंटची पातळ स्लरी फासून, सुकवून, खरडून काढायची, म्हणजे पहिल्या ओतकामातच ती वापरलेल्या फळीसारखी वागते. हे कोणत्याही उत्पादनाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही, जुन्या सेंटरिंगच्या सुतारांना ते ठाऊक असतं. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा सुतार असेल तर त्याला कामावर बसवा, सल्लागार म्हणून पैसे द्या.

प्रत्यक्ष भिंतीवर हात लावण्याआधी फूटभर चौरसाचे नमुने ओता, वेगवेगळ्या मिश्रणांचे, आणि ज्या दिशेची भिंत दुरुस्त करायची त्याच दिशेला तोंड करून गच्चीवर ठेवा. ओल्या काँक्रीटचा रंग खोटा असतो. एक पावसाळा काढून सुकलेला नमुना भिंतीशेजारी धरून निवडा. थोडा फरक राहीलच, राहू द्या. जवळून पाहिल्यावर दुरुस्ती ओळखू यावी आणि रस्त्यावरून ओळखू येऊ नये, एवढं जमलं की काम चांगलं झालं.

आणि सगळं दुरुस्त करायला जाऊ नका. फळी सरकल्याने आलेली पायरी, दोन दिवसांच्या ओतकामांमधला जोड, एखादा उथळ हनीकोंब जिथे सळई खोल आहे, हे त्या इमारतीचं अंग आहे. चंडीगढच्या भिंती पाहा. कॉर्ब्युझिएने तिथलं हाताने केलेलं, खडबडीत काम मुद्दाम झाकलं नाही.

इथे वाचवण्याच्या प्रश्नाकडे येतो. १९५१ नंतर चंडीगढचं काम सुरू झालं आणि त्या साइटवर भारतीय वास्तुविशारदांची, इंजिनीअरांची एक पिढी घडली. इंजिनीअर महेंद्र राज तिथूनच पुढे आले. त्यांनी वास्तुविशारद राज रेवल यांच्यासोबत दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२मध्ये हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन उभं केलं: सुमारे ७८ मीटरचा खांबविरहित गाळा, तोही काँक्रीटच्या स्पेस फ्रेममध्ये, म्हणजे दांड्या त्रिकोणांत जोडून केलेल्या त्रिमितीय सांगाड्यात. जगात अशी रचना पोलादी नळ्यांची करतात. आपल्याकडे तेव्हा तसं पोलाद परवडणारं नव्हतं, मजुरी आणि सुतारकाम परवडत होतं, म्हणून एकेक सांधा जागेवर ओतला. त्या काळचं उघडं काँक्रीट ही नुसती परदेशी फॅशन होती असं म्हणणाऱ्यांना मी ही इमारत सांगतो. टंचाईतून आलेलं ते बुद्धीचं काम होतं. मुंबईच्या जे.जे. वास्तुकला महाविद्यालयातून आणि अहमदाबादच्या वास्तुकला शाळेतून (वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी ती १९६२मध्ये सुरू केली) शिकून निघालेल्या मंडळींनी हीच पद्धत लहान गावांच्या महाविद्यालयांत, नाट्यगृहांत, वाचनालयांत नेली. तुमची इमारत त्याच लाटेतली.

हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७मध्ये रातोरात पाडला. वारसा म्हणून नोंद मागितली तेव्हा साठ वर्षांची अट आडवी आली, इमारत पंचेचाळीसची होती. या काळाच्या इमारतींची खरी अडचण तीच आहे. वारसा ठरण्याएवढ्या जुन्या नाहीत, नव्या वाटाव्यात एवढ्या स्वच्छ नाहीत. अहमदाबादच्या आयआयएममध्ये अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांच्या १८पैकी १४ वसतिगृहं पाडण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२०मध्ये आला, जगभरातून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ला तो तेव्हापुरता मागे घेतला गेला. मूळ दुखणी खोटी नव्हती, भूकंपाच्या भेगा होत्या, बांधकामात दडलेलं लोखंड गंजलं होतं. पण त्याच आवारातल्या ग्रंथालयाचं वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने केलेलं संवर्धन युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत २०१९ साली गौरवलं गेलं होतं. काय करता येतं याचा दाखला हाताशी असताना पाडण्याची भाषा झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या जवळचं उदाहरण पणजीच्या कला अकादमीचं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची मांडवीकाठची ही इमारत गोव्यातल्या नाटकांना, मैफलींना दशकानुदशकं घर देत आली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी तिच्या प्रेक्षागृहाच्या भिंतींवर रंगवलेले प्रेक्षक खऱ्या प्रेक्षकांसोबत बसलेले असतात. २०१९मध्ये तिचा खुला रंगमंच पाडण्याची भाषा झाली तेव्हा कलाकार आणि नागरिक उभे राहिले. नंतर नूतनीकरण हाती घेतलं गेलं, आणि काम चालू असतानाच जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. त्या घटनेच्या कारणांबद्दल इथे निवाडा करणार नाही. एवढंच सांगतो की दुरुस्ती चालू असलेली इमारत सगळ्यात नाजूक असते: तोडफोड चालू असते, वजनं हलवलेली असतात, पाणी आत येतं. टेकू आधी, ब्रेकर नंतर, आणि टेकूंचा आराखडा इंजिनीअरच्या सहीचा.

प्रत्येक उघडी इमारत ठेवण्यासारखी असते असं मी म्हणत नाही. त्या दशकांत वाईट इमारतीही खूप झाल्या. तुमच्या वाचनालयाकडे पाहताना स्वतःला काही साधे प्रश्न विचारा. वाचनकक्षात दिवसा दिवा न लावता वाचता येतं का? मे महिन्यात आत बरं वाटतं का? छज्जे, जाळ्या, उंची या गोष्टी आपल्या पावसाचा विचार करून ठेवल्या आहेत का? गावातली माणसं तिथे नुसती येऊन बसतात का? बहुतेक उत्तरं 'हो' असतील तर नव्या बांधकामात ते पुन्हा मिळेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, कारण आज तुमच्या वाट्याला येईल ती काचेची दर्शनी बाजू आणि आत वातानुकूलन. उलट, मीठ मिश्रणातच निघालं, खांबांच्या मुख्य सळयांचा मोठा भाग गेला असेल आणि कोरची ताकद पडलेली असेल, तर मीही पाडाच म्हणेन. मात्र त्याआधी तिचं पूर्ण मोजमाप, छायाचित्रं, तपशिलांची रेखाचित्रं करून ठेवा. भूकंपाचं गणित वेगळं करून घ्या. भूकंपात खांब-बीम एकदम न तुटता वाकावेत म्हणून सळया कशा बांधायच्या ते सांगणारी आयएस १३९२० संहिता १९९३ची आहे, तुमची इमारत तिच्या कितीतरी आधीची, त्यामुळे काही खांबांना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीने नव्या काँक्रीटचं आवरण, लागू शकतं. ते आतल्या बाजूने, पुस्तकांच्या कपाटांमागे घेता येतं का ते आधी पाहा.

पाण्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. गळती थांबली नाही तर वरचं सगळं काम दहा वर्षांत वाहून जाईल. गच्चीवर बहुधा पन्नास वर्षांत एकावर एक कोबे घातले गेले असतील. त्यांचं वजन मोजा, सगळे काढून एकच नवा थर योग्य उतारासह करा. मूळ आराखड्यात पावसाचं पाणी भिंतीपासून दूर फेकणारे पन्हाळे असतील, आणि कोणीतरी ते बंद करून पीव्हीसीचे पाइप भिंतीला चिकटवले असतील. पन्हाळे परत चालू करा. छज्ज्याच्या खालच्या कडेला मूळची खाच असते, थेंब तिथूनच सुटावा म्हणून. वर्षानुवर्षांच्या रंगाने, शेवाळाने ती भरते आणि पाणी छताकडे आत वळतं. ती खाच मोकळी करायला एका माणसाचे काही दिवस लागतात आणि तिचा फायदा कुठल्याही महागड्या रसायनापेक्षा जास्त असतो. एसीची युनिटं, केबल, पाट्या लावताना मारलेली भोकं शोधून नीट बुजवा.

मूळ नकाशे शोधा. नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यात, वास्तुविशारदांच्या कुटुंबाकडे, त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुणाकडे, तेव्हाच्या विश्वस्तांच्या फायलींत. सळयांचं एक रेखाचित्र सापडलं तरी अनेक चाचण्यांचा खर्च वाचतो.

निविदेत एकच ठोक रक्कम मागू नका. आयटम रेटने, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर मागून काढा, प्रत्येक पॅच मोजून नोंदवून पैसे द्या, आणि उघडल्यावर खराब भाग नकाशापेक्षा जास्त निघतो हे धरून तरतूद बाजूला ठेवा. ठेकेदार निवडताना त्याने केलेला नमुना पाहा, फक्त दर नको. गच्ची, पन्हाळे, छज्ज्यांखालचे टेकू हे छोट्या कंत्राटात मेआधी उरकून घ्या. चाचण्या आत्ताच, काँक्रीट कोरडं आहे तोवर करा. रंगाचे नमुने पावसाआधी ओता आणि दर्शनी भिंतींच्या मुख्य कामाची निविदा, ते नमुने दिवाळीच्या सुमारास सुकलेले पाहून मिश्रण पक्कं केल्यानंतरच काढा.